जवसाच्या तेलातला माहूरगड

मराठवाड्यात ज्या जवसाची चटणी भाकरीबरोबर खातात, त्याच जवसाच्या तेलात तैलरंग घोटतात. हे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होत जाते, त्यामुळे वाळू लागल्यावर त्याचे वजन आधी चक्क वाढते! थर हाताला कोरडा लागायला काही दिवस जातात. भरभर अभ्यासचित्रे काढणाऱ्याचा हाच मोठा फायदा. चुकलेला फटकारा पुसता येतो, खरवडता येतो, ओल्या रंगावर ओला रंग चढवता येतो.

आता मोबाइलमधला माहूरगडाचा एखादा फोटो समोर ठेवा आणि डोळे किलकिले करून बघा. दगडांचे सांधे, पाने, फांद्या नाहीशा होतात. उरतात तीन-चार मोठे आकार: उजळ आकाश, काळसर तटबंदी, झाडीचा हिरवा पट्टा, पुढची तांबूस वाट. रुंद चपट्या ब्रशने आधी एवढेच मांडा. गडद किती आणि उजळ किती, हे नाते जमले की दूरवरूनही गड ओळखू येतो.

हे घडते कसे? आपली नजर एका वेळी फार थोडा भाग स्वच्छ पाहते. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा, साधारण तेवढाच! बाकीचे सगळे धूसर असते. नजर सतत फिरत राहते आणि मेंदू त्यातून सलग दृश्य उभे करतो. मोकळ्या फटकाऱ्यांचे चित्र मेंदूला हेच काम देते. चार ठिपक्यांतून तो बुरुजावरची माणसे उभी करतो.

फोटोवर मात्र आंधळा विश्वास नको. भर दुपारी कॅमेरा एक तर आकाश पांढरेफटक करतो, नाही तर सावली काळीकुट्ट. प्रत्यक्षात उघड्यावरच्या सावलीत आकाशाचा उजेड उतरतो, म्हणून तिच्यात निळसर झाक असते. नुसता काळा रंग थापण्याऐवजी अल्ट्रामरिन आणि बर्न्ट अंबर मिसळा. काळोखही जिवंत वाटतो. एकदा गडावर जाऊन सावल्या डोळ्यांनी पाहून या, म्हणजे फोटोने काय गाळले ते कळेल.

एक सावधगिरी. ऑक्सिजन शोषताना हे तेल उष्णता सोडते. तेलात माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला, तर ती आत कोंडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

बाकी भीती कसली? छोटा कॅनव्हास, मोठा ब्रश, चार रंग आणि अर्धा तास. वेळ संपली की हात थांबवा आणि त्याच फोटोवरून दुसरे चित्र सुरू करा. एका चित्रावर महिनाभर घासण्यापेक्षा अशा दहा चित्रांतून नजर लवकर तयार होते.