घर तापविणारें यंत्र व त्यांतील वायु

यूरोपांतील थंड देशांत घर उबदार ठेवणें ही चैन नसून जीविताची गरज आहे. त्यासाठीं इंधन जाळण्याऐवजीं उष्णतेचा पंप बसविण्याचा मार्ग तेथें उपलब्ध आहे. शीतकपाट जसें आंतील उष्णता बाहेर टाकतें, तसा हा पंप बाहेरील थंड हवेंतील उष्णता ओढून घरांत आणतो. झूरिकच्या नगरगृहांत असा पंप १९३८ सालींच चालू झाला. तो लिमत नदीच्या पाण्यांतून उष्णता घेई.

उष्णता वाहून आणण्याचें काम नळ्यांतून फिरणारें शीतक द्रव्य करतें. झूरिकच्या पंपांत आर-१२ होतें. त्या जातीचीं द्रव्यें ओझोनच्या थरास मारक ठरल्यामुळें १९८७ च्या माँट्रियल करारानें त्यांना आळा घातला. पुढें आलेलें आर-४१०ए ओझोनला अपाय करीत नाहीं. परंतु त्याचा एक किलोग्रॅम हवेंत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबानें तो सुमारें २,०८८ किलोग्रॅम कार्बन डायॉक्साइडइतकी पृथ्वी तापवितो. आर-३२ चा हाच आंकडा ६७५, आणि प्रोपेनचा तर पांचाहूनहि कमी.

मग असा पंप हितकर कीं अहितकर? एका घरास वर्षाला १२,००० युनिट उष्णता लागते, असें धरावें. वायूवर चालणाऱ्या चांगल्या बंबानें ती दिल्यास सुमारें २.७ टन कार्बन डायॉक्साइड निघेल. म्हणजे १५ वर्षांत ४० टन. पंप एका युनिट विजेंत तीन युनिट उष्णता देत असेल, तर त्यास ४,००० युनिट वीज पुरे. युनिटमागें २०० ग्रॅम कार्बन डायॉक्साइड धरल्यास १५ वर्षांचे १२ टन होतात. आंतील तीन किलोग्रॅम आर-४१०ए सर्वच्या सर्व गळालें, तर त्यांत आणखी सव्वासहा टनांची भर. एकूण सुमारें १८ टन. तरीहि बंबाच्या निम्म्याहून कमीच.

म्हणून शीतकाकडे दुर्लक्ष करावें, असें मात्र नव्हे. नॉर्वे देशांत वीज बहुतांशीं जलशक्तीची आहे. तेथें विजेचा वांटा नाममात्र उरून गळती हाच मोठा दोष ठरतो. अन्य देशांची वीज जसजशी स्वच्छ होईल, तसतसें तेथेंहि हेंच घडेल.

प्रोपेन ज्वालाग्राही असल्यामुळें तें भरलेला भाग बहुधा घराबाहेर ठेवतात. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनें आर-४१०ए सारख्या द्रव्यांचा वापर क्रमाक्रमानें घटविण्याचें ठरलें आहे. तथापि आज घरोघरीं असलेल्या यंत्रांचें बरेंवाईट कारागिराच्या हातीं आहे. सांधे पक्के राखले आणि यंत्र मोडीत काढतांना वायु मोकळा न सोडतां नळकांड्यांत परत भरून घेतला, तर त्या सव्वासहा टनांपैकीं बराचसा भार टळेल.