पळणारा पोर आणि अमेरिकन कॉलेज

आपल्याकडे पोरगा पळण्यात हुशार निघाला, तर घरची माणसे विचारतात, "पळून काय पोट भरतं?" अमेरिकेत मात्र अशा पोराच्या शोधात कॉलेजेच फिरतात, आणि पार केनियातल्या खेड्यांपर्यंत पोहोचतात.

हेन्री रोनो हा असाच एक गडी. जन्म १९५२ चा, केनियातल्या नंदी टेकड्यांतला. १९७६ साली तो वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात दाखल झाला. हे विद्यापीठ पुलमन गावी आहे. भोवताली नजर जाईल तिथवर गव्हाची शेते. १९७८ साली ८ एप्रिल ते २७ जून, अवघ्या ८१ दिवसांत, या विद्यार्थ्याने चार जागतिक विक्रम मोडले : ३,०००, ५,००० आणि १०,००० मीटर, शिवाय ३,००० मीटरची अडथळ्यांची शर्यत!

आता यातला व्यवहार पाहा. कॉलेज फी भरते, राहण्या-जेवणाची सोय करते. कुणाची पूर्ण, कुणाची अर्धीमुर्धी. खेळाडूने कॉलेजसाठी खेळायचे आणि परीक्षाही पास व्हायच्या. नापास झाला की मैदान बंद. (ही अट मला, मास्तर म्हणून, फार आवडते.)

यावर तिथल्या लोकांची कुरकुर होतीच. बाहेरचे थोराड गडी आणून आमच्या पोरांच्या जागा का देता? म्हणून एक नियम झाला : एकोणीस वर्षे पुरी झाल्यावर परदेशी खेळाडू मायदेशी स्पर्धांत खेळला असेल, तर ती वर्षे त्याच्या कॉलेजच्या मुदतीतून वजा. हॉवर्ड विद्यापीठाने त्याविरुद्ध दावा लावला, आणि १९७५ साली अपील न्यायालयानेही तो नियम घटनाबाह्य ठरवला.

आजचा पेच निराळा. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. पण परदेशी मुलगा येतो तो विद्यार्थ्याच्या व्हिसावर, आणि त्यावर कमाईची कडक बंधने. एकाच संघात शेजारी पळणारा अमेरिकन कमावतो, हा हात आखडून बसतो.

रोनोचे पुढे काय झाले? केनियाच्या बहिष्कारामुळे १९७६ आणि १९८० ही दोन्ही ऑलिंपिक हुकली. मग दारू जडली, आणि अमेरिकेतच मोटारतळावर राखणदारी करण्याची वेळ आली. पुढे तो सावरला, मुलांना शिकवू लागला. २०२४ मध्ये तो केनियातच वारला.

आपल्या दिल्लीचा तेजस्विन शंकर याच वाटेने कॅन्सस स्टेट विद्यापीठात गेला. २०१८ आणि २०२२ साली तिथल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उंच उडीत तो पहिला आला. त्याने घेतलेला विषय मात्र हिशेबशास्त्राचा.