कला शाखेचा विद्यार्थी आणि आज्ञावलीकाराची नोकरी

बी. ए.ची पदवी हाती पडली की पुढे काय, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला भेडसावतो. शिक्षकी पेशा, पोलीसभरती, स्पर्धा परीक्षा या मळलेल्या वाटा आहेत. परंतु त्यांवर गर्दी फार. आपल्या मुकुटबनच्या परिसरात कापूस आहे, कोळसा आहे आणि २०२२ सालापासून सिमेंटचा मोठा कारखानाही आहे. तरीही दरवर्षी बाहेर पडणाऱ्या सर्व पदवीधरांना येथे काम मिळेल, अशी आशा कोणी बाळगू नये. अशा वेळी संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे ज्याला सारे जग सॉफ्टवेअर म्हणते, ते लिहिण्याचा व्यवसाय कला शाखेच्या विद्यार्थ्याला खुला आहे काय? आहे, मात्र ती वाट सरळ नाही. ती कशी आहे हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

हे काम नेमके कोणते?

एम. एस. सी. आय. टी. केली म्हणजे संगणक आला, असा एक समज आहे. तो अभ्यासक्रम संगणक वापरायला शिकवतो. आज्ञावली लिहिणे ही त्यापुढची, वेगळी विद्या आहे. आपल्या ओळखीचेच उदाहरण घेऊ. कापसाच्या वेचणीची मजुरी किलोवर असते आणि चुकारा बाजाराच्या दिवशी होतो. हा हिशेब संगणकाने करावा असे ठरवले, तर वजनाला दराने गुणणे एवढेच काम आहे असे वाटेल. पण एखाद्या बाईने आधी उचल घेतलेली असते. दर आठवड्याच्या मध्येच बदलतो. एकाच नावाच्या दोन बाया असतात. एकीचे नाव एकदा ‘सुमन’ आणि एकदा ‘सुमनबाई’ असे लिहिलेले असते. सकाळच्या दवाने ओल्या कापसाचे वजन कापायचे की नाही, यावरून वाद होतो. या सर्व गोष्टी आधी विचारून घेणे, त्यांचे नियम ठरवणे आणि मग ते संगणकाला कळेल अशा भाषेत मांडणे, हे आज्ञावलीकाराचे खरे काम. लिहिणे त्यातला एक भाग. विचारणे आणि ऐकणे हा तितकाच मोठा भाग. आणि येथे कला शाखेचा विद्यार्थी मुळीच मागे नाही.

बाजाराची स्थिती

खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. नागपूरच्या मिहान प्रकल्पात टी. सी. एस., इन्फोसिस, एच. सी. एल. यांची केंद्रे आहेत. पुण्यात तर अशा कंपन्यांची दाटी आहे. परंतु जुलै २०२५ मध्ये टी. सी. एस.ने सुमारे १२ हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून साध्या आज्ञावल्या यंत्रच लिहून देऊ लागले आहे. ज्याला केवळ पाठ केलेले लिहिता येते, त्याचे काम यंत्राने हलके केले, असे म्हणण्यापेक्षा ते काढून घेतले, असे म्हणणे अधिक खरे. उरते ते प्रश्न नीट मांडण्याचे आणि आलेले उत्तर तपासण्याचे काम. वेचणीच्या हिशेबात उचल दोनदा वजा झाली, तर ते यंत्राला कळणार नाही. ज्याने चुकारा होताना पाहिला आहे, त्याला कळेल. म्हणून शिकताना आधी स्वतः लिहावे आणि मग यंत्राला चुका विचाराव्यात. उलट क्रमाने गेल्यास हाती काहीच राहत नाही.

पदवीचा अडसर

मोठ्या कंपन्या अर्जांची पहिली चाळणी बहुधा पदवीवरच लावतात. त्यावर मार्ग आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिली. त्यामुळे महाविद्यालयात बी. ए. करीत असतानाच मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठातून संगणकाची दुसरी पदवी घेता येते. इग्नूच्या बी. सी. ए.ला कोणत्याही शाखेची बारावी चालते. बारावीला गणित घेतलेल्या बी. ए. पदवीधराला प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांच्या एम. सी. ए.कडे जाता येते. गणित नसेल त्याने चालू वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, कारण हे नियम बदलत असतात. याखेरीज नायलिट या सरकारी संस्थेची ‘ओ लेव्हल’ परीक्षा आहे. लहान कंपन्या मात्र पदवीपेक्षा कामाकडे अधिक पाहतात. पहिली नोकरी तेथे मिळण्याचा संभव जास्त.

शिकावे कोठे?

त्यासाठी मोठी फी भरलीच पाहिजे असे नाही. मुंबईच्या आय. आय. टी.ने चालविलेल्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात अनेक पाठ मराठीतून ऐकता येतात. केंद्र सरकारच्या स्वयम् मंचावर, जो २०१७ साली सुरू झाला, नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य आहेत. एकच भाषा निवडावी, पायथन सोपी पडते, आणि निदान सहा महिने तिच्याशी एकनिष्ठ राहावे. आज ही, उद्या ती, असे करणाऱ्याचे ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ होते. मोबाईलवर पाठ ऐकता येतात, पण सराव संगणकावरच व्हायला हवा. स्वतःचा नसेल तर चौघांनी मिळून एक जुना घ्यावा किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वेळ मागावा.

प्रमाणपत्र की काम?

या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: दहा प्रमाणपत्रांपेक्षा पूर्ण केलेले एक काम मोठे. वेचणीचा हिशेब, बचत गटाचे मासिक खाते, ग्रंथालयाची नोंदवही, यांपैकी एक आज्ञावली लिहून ती कोणाला तरी प्रत्यक्ष वापरायला द्यावी. वापरणारा चुका काढील. त्या दुरुस्त कराव्यात. हे सारे गिटहब या सार्वजनिक ठिकाणी ठेवावे, म्हणजे मुलाखत घेणाऱ्याला ते पाहता येते. तो विचारील, ‘हे असे का केले?’ ज्याने खरोखर काम केले आहे त्याच्याजवळ उत्तर असते. उसने आणलेले काम दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडते.

भाषेचे भांडवल

आपल्या परिसरात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामी कानावर पडते. याला आपण भांडवल समजत नाही, ही आपली चूक. ‘मुकुटबन’ या शब्दात आपल्याला पाच अक्षरे दिसतात. संगणक सात चिन्हे मोजतो, कारण दोन्ही उकार तो वेगळे धरतो. ‘क्ष’ त्याच्या लेखी क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे आहेत. मराठी व्याकरण शिकलेल्याला हे चटकन उमगते. इतरांना त्यासाठी थांबावे लागते. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामात पुण्याच्या सी-डॅकचा मोठा वाटा आहे, आणि त्या संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. विजय भटकर हे आपल्याच वऱ्हाडातील, अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा या गावी सापडलेल्या हस्तलिखितांतील गोंडी लिपीला २०१८ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. २०२५ साली केंद्र सरकारने ‘आदि वाणी’ ही आदिवासी भाषांसाठीची अनुवादप्रणाली आणली. तिच्यात गोंडी आहे. अशा कामांना भाषा जाणणारी आणि आज्ञावलीही समजणारी माणसे लागतात.

इंग्रजीला मात्र पर्याय नाही. फर्डे बोलता आले नाही तरी चालेल. परंतु तांत्रिक मजकूर वाचून समजला पाहिजे आणि आपले काम पाच वाक्यांत सांगता आले पाहिजे. प्रवेश चाचण्यांत अंकगणित आणि तर्कही असतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा हा अभ्यास निम्मा झालेलाच असतो.

एक इशारा

‘नोकरीची हमी, आधी रक्कम भरा’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणे ही कोणत्याही प्रतिष्ठित कंपनीची रीत नाही. ज्या घरात कापूस विकून फी भरली जाते, तेथे अशी एक फसवणूक पुढच्या हंगामाचे बियाणे घेऊन जाते. म्हणून पैसे देण्यापूर्वी, त्या वर्गातून नोकरीला लागलेल्या किमान दोन विद्यार्थ्यांशी स्वतः बोलावे.

मित्रहो, या वाटेला एक-दोन वर्षे लागतील आणि यशाची खात्री कोणी देऊ शकणार नाही. पण वेचणीचा चोख हिशेब ठेवणारी आज्ञावली ज्याने लिहिली, त्याची मेहनत नोकरी मिळाली नाही तरी वाया जात नाही. गावात ती उपयोगी पडते. गुरुजनांना एवढीच विनंती, की सायंकाळी दोन तास संगणककक्ष उघडा राहावा. बाकीचे आपल्या हाती आहे.