फोन कोणीच उचलला नाही तर?

छोट्या कार्यालयात इंटरनेटवर चालणारी फोन यंत्रणा बसवणं आता फार अवघड राहिलेलं नाही. एक छोटा संगणक, पाच-सहा आयपी फोन, दूरसंचार कंपनीकडून घेतलेली सिप ट्रंक आणि फ्रीपीबीएक्ससारखं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागतं. फ्रीपीबीएक्सच्या पोटात चालणारं ॲस्टरिस्क मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली लिहिलं. हे फोन ज्या सिप नियमावलीनुसार एकमेकांशी बोलतात तिचं आजचं मूळ प्रमाण २००२ सालचं आहे. म्हणजे तंत्र चांगलं मुरलेलं आहे. बसवणारा माणूस दुपारपर्यंत सगळे फोन वाजवून दाखवतो आणि निघून जातो. पण वाजलेला फोन कोणी उचलला नाही तर तो पुढे कुठे जावा, हे त्याला ठरवता येत नाही. ते कार्यालयाने ठरवायचं असतं आणि बहुतेक ठिकाणी ते ठरवायचं राहूनच जातं.

उदाहरणासाठी सांगलीतल्या एखाद्या करसल्लागाराचं कार्यालय घेऊ. माणसं सहा. रिसेप्शनला १०१, जीएसटी बघणाऱ्या तिघांना १०२ ते १०४, आयकर बघणाऱ्या मॅडमना १०५ आणि साहेबांना १०६ अशी एक्स्टेंशन दिली आहेत. फोन करणारे बहुतेक हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी, दुकानदार. दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी भरायची मुदत असते, त्यामुळे १८ तारखेपासून फोनला उसंत नसते. एरवी दिवसाला मोजके कॉल. यंत्रणा या दोन्ही दिवसांत नीट चालली पाहिजे.

सेटिंगच्या पानावर जाण्याआधी एक कोरा कागद घ्या. वर ‘बाहेरून कॉल आला’ असं लिहा आणि खाली बाण काढत चला: कार्यालय उघडं आहे का? असेल तर कुठे वाजेल? किती वेळ? नाही उचलला तर कुठे? तिथेही नाही उचलला तर? प्रत्येक बाणाच्या टोकाला एक तर माणूस असला पाहिजे, नाहीतर निरोप ठेवायची जागा. एकही बाण हवेत संपता कामा नये. फ्रीपीबीएक्समध्ये जवळजवळ प्रत्येक पानाच्या तळाशी ‘उत्तर न मिळाल्यास कुठे पाठवायचं’ असा रकाना असतो. घाईत तिथे ‘हँगअप’ निवडलं जातं आणि यंत्रणा सांगितल्याप्रमाणे ग्राहकाचा फोन ठेवून देते.

कागदावरचा पहिला प्रश्न वेळेचा. टाइम ग्रुपमध्ये कामाची वेळ भरायची, मग टाइम कंडिशनमध्ये सांगायचं की वेळ जुळली तर कॉल इकडे, नाही जुळली तर तिकडे. सोमवार ते शनिवार सकाळी १० ते संध्याकाळी ६:३० ही नोंद सोपी आहे. दुसरा आणि चौथा शनिवार बंद असेल तर लोक गोंधळतात, कारण ‘दुसरा शनिवार’ असा पर्यायच दिसत नाही. त्याची युक्ती अशी: दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ तारखांच्या दरम्यान येतो आणि चौथा २२ ते २८ च्या दरम्यान. एकाच नोंदीत वार शनिवार आणि तारीख ८ ते १४ असं दोन्ही भरलं की दोन्ही अटी एकदम जुळल्यावरच ती लागू होते. तशीच दुसरी नोंद २२ ते २८ साठी. या दोन्ही नोंदी सुट्ट्यांच्या ग्रुपमध्ये ठेवा आणि सुट्ट्यांची तपासणी कामाच्या वेळेच्या आधी लावा. क्रम उलटा झाला तर १५ ऑगस्ट शुक्रवारी आल्यावर यंत्रणा कार्यालय उघडं धरून चालेल आणि रिकाम्या खोलीत फोन वाजत राहील.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा एकदा भरल्या की झालं. गुढीपाडवा, गणेश चतुर्थी, दिवाळी तिथीप्रमाणे येतात, म्हणून त्या दर वर्षी नव्याने भराव्या लागतात. हे काम नवं कॅलेंडर भिंतीवर लागेल त्याच दिवशी करावं. यंत्रणेचा टाइम झोन ‘आशिया/कोलकाता’ आहे ना, हेही तेव्हाच बघून घ्या.

यानंतर येतं ते ‘जीएसटीसाठी १ दाबा’ म्हणणारं स्वागत, म्हणजे आयव्हीआर. माझं मत स्पष्ट आहे: सहा माणसांच्या कार्यालयाला दोनपेक्षा जास्त पर्याय देऊ नयेत आणि पर्यायांखाली पुन्हा पर्याय तर अजिबात नकोत. अडत्याला आपलं काम जीएसटीत बसतं की आयकरात, हे ठाऊक असेलच असं नाही. म्हणून काहीच न दाबणाऱ्यालाही माणूस मिळाला पाहिजे. टाइमआउट पाच सेकंदांवर आणा, फेरप्रयत्न एकच ठेवा आणि तरीही काही दाबलं गेलं नाही तर कॉल सरळ रिसेप्शनला जाऊ द्या. चुकीचं बटण दाबलं तरी तेच. स्वागत स्वतःच्या कार्यालयातल्या आवाजात, मराठीत आणि पंधरा सेकंदांच्या आत संपणारं असावं. लोकांनी बटण दाबूनही यंत्रणेला कळत नसेल, तर ट्रंक आणि यंत्रणा दोन्हींकडे डीटीएमएफची, म्हणजे दाबलेलं बटण कळवण्याची, पद्धत ‘आरएफसी ४७३३’ (काही पानांवर जुन्या क्रमांकाने ‘२८३३’) आहे का ते तपासा. बटणांचा आवाज संभाषणाच्या ध्वनीतूनच पाठवला जात असेल, तर ध्वनी दाबून बारीक करणाऱ्या कोडेकमध्ये तो विकृत होतो.

आता १ दाबलं. कॉल १०२, १०३, १०४ या तिघांच्या रिंग ग्रुपकडे गेला. सगळे फोन एकदम वाजवायचे की एकामागून एक, हे इथे ठरतं. तीन माणसं एका खोलीत असतील तर एकदम वाजवा. वेगवेगळ्या खोल्यांत असतील आणि एकाचंच ते मुख्य काम असेल, तर क्रमाने. प्रश्न किती वेळ वाजवायचं याचा असतो आणि तिथे हिशेब करावा लागतो. आपल्याकडच्या घंटीचं एक आवर्तन तीन सेकंदांचं असतं: ०.४ सेकंद वाजते, ०.२ थांबते, ०.४ वाजते आणि २ सेकंद शांत राहते. म्हणजे वीस सेकंदांत घंटी सहा-सात वेळा वाजते. हातातलं काम ठेवून फोनपर्यंत पोचायला एवढा वेळ पुरतो. तिघांना क्रमाने वीस-वीस सेकंद दिले, तर तिसऱ्याचा फोन वाजू लागेपर्यंत चाळीस सेकंद गेलेले असतात.

यात बाहेरची एक मर्यादाही आहे. ट्रायने नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवून दिलं की उत्तर न मिळालेला कॉल मोबाइलवर ३० आणि लँडलाइनवर ६० सेकंद वाजेल. तुमच्याकडे स्वागत नसेल आणि कॉल थेट रिंग ग्रुपवर येत असेल, तर सगळे बाण मिळून साठ सेकंदांच्या आत संपले पाहिजेत, नाहीतर शेवटची निरोपपेटी गाठण्याआधीच बाहेरचं जाळं कॉल तोडेल. स्वागत वाजलं की कॉल उचलला गेला असं धरलं जातं, मग ही मर्यादा उरत नाही. पण कॉल करणाऱ्याचा संयम तेवढाच राहतो.

महिन्याच्या १९-२० तारखेला रिंग ग्रुप अपुरा पडतो. तिघेही बोलत असतात, चौथ्या माणसाला नुसतीच घंटी ऐकू येते आणि तो पुन्हा पुन्हा लावत बसतो. अशा वेळी क्यू हवी. क्यूमध्ये कॉल उचलला जातो, माणसाला ‘तुमचा क्रमांक दुसरा’ असं सांगता येतं आणि जो मोकळा होईल त्याच्याकडे पुढचा कॉल जातो. ‘लीस्ट रिसेंट’ पद्धत निवडली तर सर्वांत आधी मोकळा झालेल्याकडे कॉल जातो, म्हणजे एकाच माणसावर भार पडत नाही. दोन गोष्टी मात्र विसरू नका. कमाल थांबण्याची वेळ ठेवा, तीन मिनिटं पुष्कळ झाली, आणि त्यानंतर कॉल निरोपपेटीत पाठवा. दुसरं, क्यूत उत्तर देणारं कोणीच हजर नसेल तर कॉल आत घेऊ नये, हा पर्याय चालू ठेवा. नाहीतर जेवणाच्या सुट्टीत ग्राहक तीन मिनिटं संगीत ऐकत बसेल.

सर्वांत जास्त घोळ होतो तो कॉल फॉरवर्डिंगमध्ये. फ्रीपीबीएक्सच्या मूळ मांडणीत सगळे कॉल वळवायला स्टार ७२, रद्द करायला स्टार ७३. फोन व्यस्त असतानाच वळवायला ९० आणि ९१, न उचलल्यास वळवायला ५२ आणि ५३. ‘त्रास देऊ नका’साठी ७८ आणि ७९. हे क्रमांक बदलता येतात, म्हणून तुमच्या यंत्रणेतलं ‘फीचर कोड्स’ पान छापून प्रत्येक टेबलावर ठेवा. अडचण अशी की आयपी फोनवरही स्वतःचं फॉरवर्डचं बटण असतं आणि त्याचा सर्व्हरवरच्या कोडशी काही संबंध नसतो. एकाने बटणावरून वळवलं आणि दुसऱ्याने स्टार ७३ दाबून रद्द केलं, तरी कॉल वळतच राहतो. माझा सल्ला: फोनवरची सोय बंद करा, फक्त सर्व्हरवरची ठेवा. गावाला जाताना स्टार ७२ लावून गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर अख्ख्या ग्रुपचे कॉल जाऊ नयेत, म्हणून रिंग ग्रुपच्या पानावर ‘इग्नोर सीएफ सेटिंग्ज’वर खूण करा.

मोबाइलवर वळवलेला कॉल ट्रंकच्या दोन वाहिन्या अडवतो: एक आत येणारी, एक बाहेर जाणारी. चार वाहिन्यांची ट्रंक असेल तर वळवलेले दोनच कॉल तिला पूर्ण भरून टाकतात आणि तिसऱ्या माणसाला ‘व्यस्त’ ऐकू येतं. साहेब दौऱ्यावर असताना ‘फोन लागतच नाही’ अशी तक्रार आली, तर आधी हे तपासा. आणखी एक: वळवलेल्या कॉलवर बहुतेक ठिकाणी मोबाइलला ग्राहकाचा नव्हे, कार्यालयाचाच नंबर दिसतो, कारण स्वतःला न दिलेला नंबर बाहेर पाठवायला सेवा देणाऱ्या कंपन्या सहसा परवानगी देत नाहीत. एक्स्टेंशनचा कॉल मोबाइलवर वाजवणाऱ्या ‘फॉलो मी’ सोयीत ‘कन्फर्म कॉल्स’ चालू करा. मग मोबाइलवर उचलणाऱ्याला १ दाबून कॉल स्वीकारावा लागतो, आणि घरातल्या लहान मुलाने किंवा मोबाइलच्या व्हॉइसमेलने उचललेला कॉल तिथेच अडकत नाही. मोबाइल पंचवीस सेकंदांपेक्षा जास्त वाजवू नका.

ट्रान्स्फरचं काम रिसेप्शनवरच्या माणसाला बसून शिकवावं लागतं. न विचारता पाठवणं झटपट होतं, पण पलीकडे कोणी नसेल तर कॉल त्या एक्स्टेंशनच्या निरोपपेटीत जातो आणि परत येत नाही. आधी मॅडमशी बोलून, ‘तासगावहून बेदाण्याचे व्यापारी आहेत, देऊ का?’ असं विचारून दिलेला कॉल हरवत नाही. ग्राहकाला तेच काम दुसऱ्यांदा सांगावंही लागत नाही. मॅडम जागेवर नसतील, फाइल शोधायला गेल्या असतील, तर कॉल पार्क करा. ७० वर पाठवला की यंत्रणा ७१ किंवा ७२ असा क्रमांक सांगते, आणि मॅडम कुठल्याही फोनवरून तो क्रमांक लावून बोलू शकतात. मूळ मांडणीत ४५ सेकंदांत कोणी घेतला नाही तर कॉल पार्क करणाऱ्याकडे परत येतो. शेजारच्या टेबलावर वाजणारा फोन जागेवरून घ्यायला पिकअपचा स्टार ८ आहे. त्यासाठी ते फोन एकाच पिकअप ग्रुपमध्ये असले पाहिजेत.

राउटरमध्ये ‘सिप एएलजी’ नावाची सोय बंद ठेवा. एकाचं बोलणं ऐकू येतं आणि दुसऱ्याचं नाही, या तक्रारीमागे अनेकदा तीच असते. ५०६० हे पोर्ट सगळ्या जगासाठी उघडं ठेवू नका आणि परदेशी कॉल करायची गरज नसेल तर ते ट्रंकवरच बंद करून घ्या. राउटर, नेटवर्क स्विच आणि सर्व्हर तिन्ही यूपीएसवर हवेत. तरीही सगळं बंद पडलंच, तर नंबर एखाद्या मोबाइलवर वळवायची सोय ट्रंक देणाऱ्या कंपनीकडे असते का, हे आधीच विचारून ठेवा.

राहिली निरोपपेटी. आपल्याकडे यंत्राशी बोलायला लोक संकोचतात, बरेचसे निरोप न ठेवताच फोन बंद करतात. म्हणून तिथला संदेश नेमका हवा: ‘नाव, नंबर आणि काम सांगा, उद्या ११ च्या आत आम्ही फोन करू.’ ध्वनिफीत रिसेप्शनच्या ईमेलवर आपोआप जाईल असं लावा. पण खरा भरवसा कॉल नोंदींच्या यादीवर ठेवा. काहीही न बोलता गेलेल्या माणसाचा नंबर त्या यादीत असतोच. रोज सकाळी ती उघडून न उचललेल्या प्रत्येक नंबराला फोन करायचं काम एका ठरावीक माणसाकडे सोपवा आणि त्याचं नाव कागदावर लिहून ठेवा.