निनावी कृतीला ऑब्जेक्टचे घर: जावा भाषेतील लॅम्डा

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगणकभाषांमध्ये माहिती आणि त्या माहितीवर करायच्या कृती एकत्र बांधून ‘ऑब्जेक्ट’ घडवला जातो. त्याचा आराखडा म्हणजे ‘क्लास’ आणि त्याच्या ठायी असलेली प्रत्येक कृती म्हणजे ‘मेथड’. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जाहीर केलेल्या जावा भाषेने ही शिस्त इतकी काटेकोरपणे पाळली की, तिच्यात कोणतीही मेथड क्लासच्या बाहेर नांदू शकत नाही. बँकेचे खाते किंवा ग्रंथालयातील पुस्तक यांसारख्या गोष्टी मांडताना ही शिस्त उपकारक असते. मात्र जेव्हा केवळ एखादी कृतीच दुसऱ्याच्या हवाली करायची असते, तेव्हा ती जाचक ठरते.

विद्यार्थ्यांची यादी गुणानुक्रमे लावायची आहे, असे समजू. क्रम लावण्याची यंत्रणा जावामध्ये तयार मिळते; दोन विद्यार्थ्यांपैकी आधी कोण यावा, हा निकष तेवढा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पुरवायचा असतो. हा निकष जेमतेम एका ओळीचा असला, तरी पूर्वी त्यासाठी एक संपूर्ण क्लास लिहावा लागे. १९९७ च्या जावा १.१ आवृत्तीत ‘निनावी क्लास’ची सोय झाल्याने वेगळे नाव देण्याचा त्रास वाचला, परंतु एका ओळीच्या आशयाभोवती चार-पाच ओळींचे वेष्टन राहिलेच.

हे वेष्टन मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ आवृत्तीतील ‘लॅम्डा’ने, म्हणजे निनावी कृती थेट लिहिण्याच्या सोयीने, उतरवले. लॅम्डा हे ग्रीक अक्षराचे नाव अलोन्झो चर्च या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात मांडलेल्या गणिती पद्धतीतून आले आहे. सी शार्प या भाषेने २००७ मध्ये आणि सी प्लस प्लस या भाषेने २०११ च्या प्रमाणित आवृत्तीत लॅम्डा स्वीकारला होता; त्यांच्या मानाने जावा या वाटेवर उशिराच आली. जावामधील लॅम्डाची रचना सुटसुटीत आहे: डावीकडे कृतीला मिळणारी मूल्ये, मध्ये बाणाचे चिन्ह आणि उजवीकडे प्रत्यक्ष कृती. वरील उदाहरणात डावीकडे दोन विद्यार्थी आणि उजवीकडे त्यांच्या गुणांची तुलना, एवढ्यातच निकष पुरा होतो.

मात्र एवढ्यावरून जावाने ऑब्जेक्टची चौकट मोडली, असे समजणे चुकीचे ठरेल. कोणत्या मेथड असाव्यात एवढेच सांगणाऱ्या कराराला ‘इंटरफेस’ म्हणतात, आणि ज्या इंटरफेसमध्ये एकच मेथड पूर्ण करायची उरलेली असते, त्याला ‘फंक्शनल इंटरफेस’ अशी संज्ञा आहे. लॅम्डा अशाच इंटरफेसच्या जागी बसतो. पूर्ण करायची मेथड एकच असल्याने ती कोणती, हे कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचे भाषांतर करणारी यंत्रणा, स्वतःच ओळखते. त्यातून हाती येतो तोही अखेर ऑब्जेक्टच. म्हणूनच क्रमाचा निकष मांडणाऱ्या ‘कम्पॅरेटर’सारखे कितीतरी जुने इंटरफेस काही न बदलता लॅम्डाच्या उपयोगी पडले.

या सोयीला एक महत्त्वाची मर्यादा आहे. लॅम्डाला भोवतालच्या मेथडमधील स्थानिक चल, म्हणजे मेथडपुरती मूल्ये साठवणारी नावे, वाचता येतात, पण एकदा मूल्य दिल्यावर ज्यांचे मूल्य पुन्हा बदलत नाही, असेच. स्थानिक चलाचे आयुष्य ती मेथड चालू असेपर्यंतच असते, लॅम्डा मात्र नंतर केव्हाही चालवला जाऊ शकतो. त्यामुळे तो त्या मूल्याची प्रत सोबत ठेवतो, आणि मूळ चल बदलू दिला तर प्रत व मूळ यांत विसंगती येईल.

लॅम्डाचे सामर्थ्य त्याच्या आटोपशीरपणात असल्यामुळे त्याचा वापरही आटोपशीरच असावा. कृती दोन-तीन ओळींच्या पलीकडे गेली, किंवा तीच अनेक ठिकाणी लागू लागली, तर तिला अर्थपूर्ण नाव देऊन स्वतंत्र मेथड करणे श्रेयस्कर. कारण वाचणाऱ्याला निनावी कृतीचा हेतू तिच्या मजकुरातूनच समजून घ्यावा लागतो.