अंडी फार, आयुष्य थोडे



पैनगंगेच्या अलीकडील आदिलाबाद जिल्ह्यात मराठी घरांच्या अंगणी दोनचार कोंबड्या असणे ही जुनी रीत होय. पूर्वी त्या गावरान असत. आता अनेक अंगणांत अधिक अंडी देणाऱ्या सुधारित जातीही दिसतात. त्यांचा लळा लागतो, मुले त्यांना नावे ठेवतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच तुरा फिका पडतो, कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसते. घरची माणसे हळहळतात, की आपलेच काही चुकले. बहुतेक वेळा तसे नसते.

मूळची रानकोंबडी वर्षाला दहापंधरा अंडी घालते. गावरान कोंबडी साठसत्तर घालते, पण एक डाव झाला की ती खुडूक बसते आणि तिच्या शरीरास विसावा मिळतो. सुधारित जातींतून माणसाने हे खुडूकपणच जवळजवळ काढून टाकले. हैदराबादजवळील राजेंद्रनगरच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेली ग्रामप्रिया अंगणातही वर्षास दीडशेहून अधिक अंडी देते. पिंजऱ्यातील पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या घरात जाते.

एका अंड्याच्या कवचास सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. ते खाद्यातून न मिळाल्यास हाडांतून ओढले जाते व हाडे ठिसूळ होतात. अंडे मार्गात अडकते. कधी बलक पोटात उतरून तेथे दाह होतो. बीजकोशाचा कर्करोग तर कोंबड्यांत इतका आढळतो, की स्त्रियांच्या त्या रोगाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ कोंबडीच निवडतात. व्यापारी पक्षी दीडदोन वर्षांतच विकले जातात, म्हणून ही दुखणी तेथे फारशी दिसत नाहीत. जो कोंबडीला जगवतो, त्यालाच ती पाहावी लागतात.

मग करावे काय? मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोगाची लस पहिल्याच आठवड्यात द्यावी व पुढील मात्रा चुकवू नयेत. अंड्यावर आलेल्या कोंबडीपुढे शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. थंडीत दिवस लहान होतात, पिसे झडतात, अंडी थांबतात. हा निसर्गाने दिलेला विसावा होय. खुराड्यात रात्री दिवा लावून तो हिरावू नये. आदिलाबादच्या उन्हाळ्यात सावली व गार पाणी हवेच, कारण सतत धापा टाकल्याने कवच पातळ होते.

कोंबडी कुंथत असेल, तर अंडे अडकले असे समजावे. कोमट पाण्यात थोडा वेळ बसवून तिला शांत, अंधाऱ्या जागी ठेवावे. पोट दाबू नये. अंडे आत फुटल्यास जिवावर बेतते. त्या दिवशीच पशुवैद्यास दाखवावे. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, तर त्यांस उघड्या हाताने शिवू नये, खाऊ नये. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

एवढे करूनही काही दुखणी बरी होत नाहीत. तेव्हा पशुवैद्याच्या सल्ल्याने तिचा शेवट वेदनारहित करणे यात निष्ठुरता नाही. मुलांपासूनही हे लपवू नये. वर्षांनुवर्षांची सोबत हवी असेल, तर पुढच्या खेपेस गावरान पिल्ले आणावीत. त्यांची अंडी थोडी असतील. पण शरीराला विसावा देण्याची कला त्या अजून विसरलेल्या नाहीत.