पटकथेसाठी सॉफ्टवेअर निवडताना

चित्रपट, मालिका आणि लघुपट ही आज घराघरांत पोहोचलेली माध्यमे आहेत. आपल्या वस्तीचे, आपल्या माणसांचे जगणे पडद्यावर यावे या ओढीने अनेक विद्यार्थी पटकथा लिहू लागले आहेत. घरात संगणक आला की त्यांचा पहिला प्रश्न असतो : यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? आम्ही काही चित्रपट क्षेत्रातील जाणकार नव्हे. परंतु कला शाखेचे शिक्षण आणि बँकेत संगणकापुढे गेलेली वर्षे यांच्या आधारे चार गोष्टी सांगाव्यात असे वाटले.

सॉफ्टवेअर करते काय?

पटकथा हा चित्रीकरणाचा आराखडा असतो. दृश्य घराच्या आत घडते की बाहेर, स्थळ कोणते, दिवस की रात्र, हे आरंभी लिहावे लागते. त्याखाली कृतीचे वर्णन, मग पात्राचे नाव आणि संवाद. प्रत्येकाची पानावरील जागा ठरलेली असते. हे समास सांभाळणे, दृश्यांना क्रमांक देणे व पात्रांची नावे पुन्हा पुन्हा टाइप करण्याचा त्रास वाचवणे, एवढेच सॉफ्टवेअरचे मुख्य काम. विषय, निरीक्षण आणि भाषा लेखकानेच आणायची असते.

मराठीची अडचण

इंग्रजी पटकथा कुरियर या फाँटमध्ये, १२ पॉइंटात लिहितात. त्यातील प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचे असल्याने एक पान म्हणजे पडद्यावरील सुमारे एक मिनिट, असा अंदाज बांधता येतो. देवनागरीची अक्षरे कमी-अधिक रुंदीची असतात. म्हणून मराठी पटकथेची लांबी घड्याळ लावून, मोठ्याने वाचूनच ठरवावी.

दुसरे असे की, बरीचशी सॉफ्टवेअर इंग्रजीतील मोठ्या लिपीवरून पात्राचे नाव ओळखतात. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही. २०१२ साली आलेल्या ‘फाउंटन’ या साध्या मजकुराच्या पद्धतीत यावर उपाय आहे. पात्राच्या नावापूर्वी @ हे चिन्ह व दृश्याच्या शीर्षकापूर्वी टिंब दिले की काम भागते.

तिसरी गोष्ट युनिकोडची. जुन्या मराठी फाँटमध्ये लिहिलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. युनिकोडमध्ये तसे होत नाही. हॉलिवूडमध्ये नावाजलेल्या ‘फायनल ड्राफ्ट’लाही युनिकोडची सोय २०१८ च्या ११ व्या आवृत्तीत मिळाली. म्हणजे नाव मोठे असले तरी मराठी चालेलच असे धरून चालू नये.

पर्याय

बंगळूरू येथे तयार झालेले ‘स्क्राइट’ भारतीय भाषा डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले आहे व त्यात मराठी लिहिता येते. घेण्यापूर्वी त्याचे शुल्क व अटी वाचाव्यात. खर्च करायचाच नसेल तर ‘लिब्रे ऑफिस’ विनामूल्य आहे. त्यात दृश्य, पात्र व संवाद यांच्या स्टाइल एकदा बनवून ठेवल्या की पुढे त्याच वापरता येतात. माहितीपटासाठी डावीकडे दृश्य व उजवीकडे ध्वनी असा दोन रकान्यांचा तक्ताही त्यात सहज होतो.

मोफत मिळणारी वस्तू कायम मोफत राहते असे मात्र नाही. ‘सेल्टेक्स’ एके काळी घरच्या संगणकावर विनामूल्य चालत असे. पुढे ते इंटरनेटवरील वर्गणीच्या सेवेत गेले. म्हणून आपले लिखाण सॉफ्टवेअरमधून बाहेर काढता येते की नाही, हे आम्हाला किमतीपेक्षाही महत्त्वाचे वाटते. खातेदाराने पासबुक स्वतःजवळ ठेवावे, तसे लेखकाने हस्तलिखित स्वतःजवळ ठेवावे.

निवडीपूर्वीची परीक्षा

एक पानाचे दृश्य लिहा. त्यात ‘स्त्री’, ‘तऱ्हा’, ‘क्षितिज’ असे शब्द मुद्दाम घाला. त्याची पीडीएफ व साधी मजकूर-फाईल काढा आणि दोन्ही दुसऱ्या संगणकावर उघडा. जोडाक्षरे तुटली, वेलांटी भलतीकडे गेली, तर ते सॉफ्टवेअर बाजूला ठेवा. जमले तर तेच घ्या आणि रोजच्या कामाची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा.

विद्यार्थी मित्रांनो, चोरून आणलेली प्रत वापरू नका. त्यातून संगणकात व्हायरस शिरण्याचा धोका असतो. शिवाय ज्याला उद्या स्वतःच्या लेखनाचा मोबदला हवा, त्याने दुसऱ्याच्या श्रमाचा मान राखावा. आणि सॉफ्टवेअर मिळेपर्यंत थांबूही नका. शंभर पानी वहीतही पहिले दृश्य आजच लिहिता येईल.